सासर कृष्णाकाठी, माहेर सावित्रीकाठी

वाई माझं सासर आणि महाड माझं माहेर. नकाशात पाहिलंत तर दोन्ही गावं एकाच डोंगराच्या दोन कुशींना वसलेली दिसतील. क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांचा उगम दाखवतात. त्यातली कृष्णा पूर्वेला उतरते, वाईच्या घाटांना पाय लावून पुढे जाते आणि पार बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री मात्र पश्चिमेला उडी घेते आणि पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला जाते. एकाच घरातल्या दोन मुली, एक देशावर दिलेली, एक कोकणात, असं मला लहानपणापासून वाटायचं. माझंच लग्न देशावर ठरलं तेव्हा आई म्हणाली होती, "चला, आपल्यातलीही एक कृष्णेकडे गेली!"

अंतर म्हणाल तर जेमतेम ९० किलोमीटर. पण मधे दोन घाट उभे. वाईहून पाचगणीला चढणारा पसरणीचा घाट आणि महाबळेश्वराहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळीचा. पसरणी हा तसा सोज्वळ घाट. रुंद रस्ता, खाली धोम धरणाचं निळं पाणी, वाईची कौलं आणि समोर पांडवगड. पायथ्याचं पसरणी गाव म्हणजे शाहीर साबळ्यांचं जन्मगाव. बारा-एक किलोमीटरांत आपण साधारण ७०० मीटरांवरून १३०० मीटरांवर जातो, कान दडे बसल्यासारखे होतात, आणि पाचगणीची शाळेची मुलं रांगेनं जाताना दिसली की घाट संपला म्हणून समजावं. आंबेनळीची जात वेगळी. इंग्रजांच्या अमदानीत गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांचं नाव या घाटाला दिलं होतं, पण आमच्या कोकणी जिभेला ते कधी पेललं नाही. दाट झाडी, अरुंद रस्ता, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला सावित्रीचं खोरं, आणि वळणं तर अशी की एसटी आली की आपण थांबायचं हे ठरलेलंच.

हा रस्ता मी गेल्या वर्षापासून मोटरसायकलनं करते. "काय बाई धाडस!" असं म्हणणाऱ्या खूप भेटतात, पण धाडस वगैरे काही नाही, सोय आहे. ह्यांची बदली सोलापूरला झाली आणि घरची 'हिमालयन' मोटरसायकल अंगणात झाकून पडली. माझी शाळा अर्धवेळ, शनिवारी सकाळची. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी शनिवारी दुपारी निघायचं, रविवारी परत यायचं, हा नेम झाला. एसटीच्या वेळा माझ्या शाळेशी जुळत नाहीत, आणि लहान चाकांच्या स्कूटरला पावसाळ्यानंतरचा आंबेनळी सोसत नाही. मोटरसायकल मला लग्नाआधीपासून येते, वडिलांनी शिकवली होती. अडचण एकच होती. माझी उंची ५ फूट १ इंच, आणि ह्या गाडीची सीट जमिनीपासून ८०० मिलिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. गाडीचं वजन २०० किलोच्या घरात. सीटवर बसलं की दोन्ही पायांचे फक्त अंगठे जमिनीला लागायचे. चालू गाडीला पाय लागत नाहीत हे खरं, पण गणपतीच्या आळीत पुढे बैलगाडी आडवी आली की अंगठ्यांवर २०० किलो तोलणं म्हणजे काय ते मीच जाणे.

मग ह्यांनी सुट्टीवर आले असताना पुण्यातल्या एका गॅरेजातून गाडी ठेंगणी करून आणली. कशी, तर गाडीचं मागचं चाक ज्या लोखंडी चिमट्यात बसतं तो चिमटा आणि मागचा शॉकअॅब्सॉर्बर (आपल्याकडे सगळे शॉकअपच म्हणतात) यांच्यामध्ये हाडकाच्या आकाराच्या दोन छोट्या पट्ट्या असतात. त्या काढून जरा लांब पट्ट्या बसवल्या की गाडीची मागची बाजू खाली बसते. आमची ४० मिलिमीटर खाली आली. "पुढचं काही करायला नको ताई, मस्त चालेल," असं गॅरेजवाल्यांनी फोनवर सांगितलं. आणि वाईच्या गल्लीत ती खरोखरच मस्त चालली. दोन्ही चवडे पूर्ण टेकत होते. ढोल्या गणपतीला एक नारळ फोडून आले.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी निघाले. पाऊस नुकता सरलेला, पसरणीच्या कड्यांवरून अजून बारीक पाण्याच्या धारा उतरत होत्या. चौथ्या-पाचव्या वळणालाच काहीतरी निराळं जाणवलं. गाडी वळायला राजी नव्हती. मी हँडल ढकलावं आणि तिनं जू टाळणाऱ्या बैलासारखं सरळच जायला बघावं. पडत नव्हती, घसरत नव्हती, पण जिथून वळायचं मनात धरलं तिथून न वळता हातभर बाहेरून वळायची. रस्ता रुंद म्हणून निभावलं.

महाबळेश्वरला धुकं होतं. वेण्णा तलावाच्या अलीकडे समोरून येणारी प्रत्येक मोटार मला दिवे मारून खुणावत होती. दिवा तर मी खालचाच ठेवला होता. मागची बाजू खाली बसली की नाक वर होतं, आणि नाकावरचा दिवाही वर होतो, हे तेव्हा ध्यानात आलं. धुक्यात तर वर गेलेला दिवा म्हणजे डोळ्यांपुढे पांढरी चादर. आपल्याला रस्ता दिसत नाही आणि समोरच्याला आपल्यापलीकडचं काही दिसत नाही. तलावाच्या काठी कणसं भाजणाऱ्या एका मावशींजवळ थांबले. (हा तलाव १८४२ मध्ये साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी बांधवला. कणीस घेताना आमच्या ह्यांना हे दरवेळी सांगायचं असतं, आज ते नव्हते म्हणून मीच मावशींना सांगितलं.) गाडी बाजूच्या स्टँडवर लावली तर ती जरासुद्धा कलेना. एरवी स्टँडवर गाडी कशी आळसावून डावीकडे रेलते, ती आज सावधान म्हटल्यासारखी ताठ! गाडी खाली आली, स्टँड मात्र जुन्याच लांबीचा राहिला. वाऱ्याची एक झुळूक आली आणि गाडी उजवीकडे कलंडायला लागली. मावशींनी हातातला विंझणा टाकून ती धरली म्हणून वाचली.

गंमत अशी, की आंबेनळी उतरताना गाडी तेवढी हट्टी वाटली नाही. उतारावर ब्रेक लावत जाताना भार पुढच्या चाकावर येतो, नाक खाली दबतं, आणि मागून कमी केलेली उंची जणू तात्पुरती विसरली जाते. पोलादपूरला चहा घेतला, सहाच्या आत महाडला आईजवळ पोचले. आई काठी न घेता ओट्यापर्यंत चालून आली होती. बाकी सगळं त्यापुढे किरकोळ.

रविवारी निघताना आईनं तांदळाची पिशवी बांधली. १५ किलो. मग पाच नारळ, आमसुलं, पोह्याचे पापड. माहेराहून रिकाम्या हातानं मुलगी गेली तर आईला रात्री झोप येत नाही, हे सगळ्यांच्या घरचं. सगळं मागच्या कॅरियरवर दोरीनं आवळलं, आणि पोलादपूर मागे टाकून चढाला लागले.

आता चढावर भार जातो मागे. त्यात ॲक्सिलरेटर दिला की आणखी मागे. त्यात कॅरियरवरचा कोकणचा मेवा. पुढचं चाक इतकं हलकं झालं होतं की हँडल हातात आहे पण रस्ता हातात नाही, असं वाटत होतं. घाटाच्या मध्यावर डावीकडचं एक कोयरीसारखं वळण आहे, उभ्या चढाचं, आणि आतल्या कडेला पावसानं उखडलेला खळगा. मी बेतानंच आत शिरले. गाडी कलली, खळग्यात दबली आणि खालून कर्रर्र आवाज आला. मधल्या स्टँडची डावीकडे बाहेर आलेली कळ डांबराला घासत होती. कललेली गाडी लोखंडावर टेकली की तिथून पुढे ती कलू शकत नाही. कलली नाही की वळत नाही. मी तिला जराशी उभी केली, आणि ती सरळ निघाली, रस्त्याच्या मध्याकडे. समोरून महाबळेश्वरची एसटी उतरत होती.

ड्रायव्हरदादांनी गाडी जागच्या जागी उभी केली. माझी गाडी त्यांच्या चाकापासून दोन हातांवर थांबली. कुणाला काही झालं नाही. दादा खिडकीतून वाकून म्हणाले, "बाई, खालून काय ओढत आणताय का?" आवाज त्यांनाही ऐकू गेला होता! मी गाडी कडेला घेतली, हात थरथरायचे थांबेपर्यंत दगडावर बसून राहिले आणि उरलेला घाट पायी चालल्याच्या वेगानं चढले.

पुढच्याच आठवड्यात गाडी घेऊन साताऱ्याला गेले. तिथे एक जुने मिस्त्री आहेत, गाड्यांत सारा जन्म गेलेले. त्यांनी गाडीवर हात ठेवून दोनदा मागून दाबली, एकदा पुढून दाबली, आणि मला विचारलं, "ताई, बाजेचे पायथ्याकडचे दोन पाय कापले तर काय होईल?" म्हटलं, उशाकडची बाजू वर होईल. "तेच केलंय," ते म्हणाले.

मग त्यांनी जे समजावलं ते आपल्या शब्दांत सांगते, कारण हल्ली उंच गाडी ठेंगणी करून घेणाऱ्या मुली पुष्कळ आहेत आणि हे त्यांना कुणी सांगत नाही. पुढचं चाक धरणारे दोन दांडे, म्हणजे फोर्क, उभे नसतात, तिरपे असतात. त्या तिरपेपणाची रेष जमिनीपर्यंत वाढवली तर ती चाक जिथे टेकतं त्याच्या थोडी पुढे जमिनीला लागते. हे मधलं अंतर गाडीला सरळ ठेवतं. स्वयंपाकघरातली चाकांची ट्रॉली ढकलून पाहा. तिची छोटी चाकं आपोआप मागे वळून आपल्या पाठोपाठ येतात, ती याच कारणानं. हे अंतर जितकं जास्त तितकी गाडी सरळ जाण्याबद्दल आग्रही. माझ्या गाडीच्या दोन चाकांमध्ये १४६५ मिलिमीटर अंतर आहे. मागून ४० मिलिमीटर खाली आणलं की सबंध गाडी साधारण दीड अंशानं मागे झुकते, आणि फोर्कही तेवढेच जास्त तिरपे होतात. दीड अंश म्हणजे कंपासपेटीतल्या कोनमापकावर दीड रेघ! पण हाताला तेवढंसुद्धा कळतं. पुणे-सातारा हमरस्त्यावर अशी गाडी उलट गुणीच वाटेल, रेषेत चालेल. घाटात तिचा तोच गुण नडतो.

आणि उलट केलं तर? म्हणजे फक्त पुढचे फोर्क वर सरकवून नाक खाली आणलं तर? मग गाडी वळायला फार उतावळी होते, वेगात हँडल थरथरतं. सरळ रस्त्यावर सांभाळत बसावं लागतं. मिस्त्री म्हणाले, मागून जास्त खाली केलेली गाडी म्हातारी होते आणि पुढून केलेली अल्लड. दोन्हीकडून सारखंच खाली आणलं तर स्वभाव बराचसा मूळचा राहतो. पण पोट जमिनीजवळ येतं ते येतंच.

ह्या पोटाचा हिशोब मात्र मला स्वतः करून बघायचा होता. रविवारी अंगणात मुलाला फूटपट्टी दिली, मी गाडीवर बसले. गाडीच्या मध्यरेषेपासून पाय ठेवायच्या दांडीचं टोक ३९० मिलिमीटर बाहेर होतं. मूळच्या उंचीवर त्या टोकाखाली ३१० मिलिमीटर जागा होती, आता २८५. (चाक ४० खाली आलं तरी दांडी दोन चाकांच्या मधे असल्यामुळे ती तेवढी खाली येत नाही.) आमच्या शाळेच्या गणिताच्या बाईंनी हे कोनांत मांडून दिलं. आधी ती दांडी जमिनीला लागायला गाडी ३८ अंशांहून थोडी जास्त कलावी लागायची, आता ३६ अंशांतच लागते. "दोनच अंश?" मी म्हटलं. बाई म्हणाल्या, "थांब. खळग्यात गाडी दबते ना?" सामानानं आणि खळग्यानं मिळून आणखी ४० मिलिमीटर दबली असं धरलं तर कोन ३२ वर येतो. आणि मधल्या स्टँडची कळ दांडीच्याही खाली लोंबते, तिचा कोन त्याहून कमी. हिशोब ढोबळ आहे, टायरची जाडी यात धरलेली नाही, पण घाटातला तो कर्रर्र आवाज कुठून आला ते कळायला पुरेसा आहे.

बाईंनी आणखी एक गोष्ट वहीवर करून दाखवली, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. गाडी किती कलावी लागते हे तिच्या उंचीवर फारसं नसतंच, ते वेगावर आणि वळणाच्या गोलाईवर असतं. १५ मीटर त्रिज्येचं वळण धरा, आपल्या घाटातलं चांगलं आवळ वळण. ते ताशी २० किलोमीटरनं घेतलं तर १२ अंश कललं की भागतं. ३० नं घेतलं तर २५ अंश. आणि ४० नं घेतलं तर ४०! म्हणजे ३० वरून ४० वर गेलात की १५ अंश वाढले, आणि ठेंगण्या गाडीजवळ ते नाहीतच. हे वाचून कुणी मला भित्री म्हणो, मी आवळ वळणाला आता २० चा काटा पाहते.

"पण ठेंगणी गाडी जास्त स्थिर ना? वजन खाली असतं," असं माझ्या नणंदेनं विचारलं. सगळ्यांनाच असं वाटतं. उभ्या गाडीला आणि मुंगीच्या पावलानं चालणाऱ्या गाडीला ते बऱ्याच अंशी खरं आहे, कारण तिथे आपला पाय जमिनीला लागतो, आणि पायाचा आधार हाच मोठा आधार. पण तळहातावर आधी पेन्सिल उभी धरून बघा आणि मग केरसुणीचा लांब दांडा. दांडा सावकाश पडतो, सावरायला वेळ मिळतो. पेन्सिल लगेच आडवी! चालती गाडी त्या दांड्यासारखी आहे. शिवाय रुंद टायरच्या गाडीचं वजन जितकं खाली, तितकी तीच गोलाई त्याच वेगानं घ्यायला ती किंचित जास्त कलवावी लागते. म्हणजे कलायला जागा कमी आणि कलायची गरज मात्र थोडी वाढलेली. नणंदेचा विश्वास बसला नाही. तिनं केरसुणी घेतली, पेन्सिल घेतली, आणि मग बसला.

मिस्त्रींनी शेवटी काय केलं ते सांगते. पुण्याच्या पट्ट्या काढून मागून २० मिलिमीटरच खाली बसेल अशा पट्ट्या घातल्या. पुढचे फोर्क धरणाऱ्या पकडी सैल करून ते १५ मिलिमीटर वर सरकवले, म्हणजे नाकही खाली आलं. ते केल्यावर पुढची बाजू पुरती दाबून चाक वर कुठे मडगार्डला लागत नाही ना, ते दोनदा पाहिलं. हे पाहायला विसरतात, असं ते म्हणाले, आणि मग खड्ड्यात चाक अडकतं. बाजूचा स्टँड कापून, आखूड करून वेल्डिंग केला. मधल्या स्टँडवर ठेंगणी गाडी चढवायला जोर फार लागतो, म्हणून आणि ती लोंबती कळ नको म्हणून तो काढूनच टाकला. चिमट्याचा कोन बदलला की साखळीचा ताणही बदलतो, तो नीट केला. भिंतीसमोर गाडी उभी करून दिवा खाली घेतला. स्प्रिंगची चकती एक घर आवळली, आणि सामान असेल तेव्हा आणखी एक आवळायला मला शिकवलं, त्याची चावी सीटखाली ठेवून दिली. स्प्रिंग सैल सोडूनही गाडी खाली बसते आणि पुष्कळ जण पैसे वाचवायला तेच करतात, पण मग ती प्रत्येक खड्ड्यात तळाला आपटते. कुणी स्प्रिंगची वेटोळीच कापून टाकतात. त्याबद्दल मिस्त्री जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

उरलेली उंची त्यांनी गाडीतून काढलीच नाही, सीटमधून काढली. सीटचा फोम २० मिलिमीटर तासला आणि पुढच्या बाजूनं मांड्यांजवळ निमुळता केला. निमुळती सीट म्हणजे पाय सरळ खाली जातात, फाकत नाहीत. नुसत्या त्यानंच मला बोटभर उंची मिळाली, आणि त्यात घाटातला एक अंशही खर्च झाला नाही. हे आधी करावं आणि पट्ट्यांचं मागाहून बघावं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. जाड तळव्याचे बूट घेतले, ते वेगळंच. आणि थांबताना दोन्ही पाय टेकायचा हट्टही सोडला. जरा डावीकडे सरकून बसायचं, डावा पाय पूर्ण टेकायचा, उजवा ब्रेकवर. साडी नेसून हे जमत नाही, सलवार-कमीज घालावी हे सांगायला नकोच. अशा बदलांच्या आधी कायद्याचंही बघून घ्यावं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दल आहे. आरटीओत आणि विम्याच्या कचेरीत आधी विचारलेलं बरं.

मार्गशीर्षात परत निघाले तेव्हा महाबळेश्वराच्या शेतांत स्ट्रॉबेरीवर प्लास्टिकचे कागद चमकत होते. इथल्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण रस्त्याकडेच्या बायका तिला अजून पाटीतूनच विकतात आणि द्रोणात मीठ टाकून देतात, तेच बरं लागतं. कुंभरोशीला थांबले. इथून एक वाट प्रतापगडावर जाते. गड १६५६ मध्ये बांधून झाला आणि तीनच वर्षांनी, १० नोव्हेंबर १६५९ ला, त्याच्या पायथ्याशी ती प्रसिद्ध भेट झाली. खाली पार गावाजवळ कोयनेवर शिवकालीन म्हणून दाखवतात तो दगडी पूल आहे, आणि पारघाटाची जुनी वाट तिथूनच कोकणात उतरायची. अफझलखानाच्या फौजेचे हत्ती-उंट ह्या जंगलात कसे आले असतील, याचं मला शाळेत इतिहास शिकवताना नेहमी नवल वाटतं. मुलांना मी सांगते, की डोंगरात मोठ्या लवाजम्यापेक्षा वळणं ठाऊक असलेला माणूस भारी पडतो. चहाच्या टपरीत एक कॉलेजची मुलगी गाडीभोवती फिरून पाहत होती. माझ्याहून बुटकी. "काकू, ही उंच नाही होत तुम्हाला?" तिला सीट दाखवली, चावी दाखवली, स्टँडचं वेल्डिंग दाखवलं. चहा गार झाला.

रविवारी परतीच्या चढावर ते कोयरीचं वळण आलं तेव्हा पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू. स्प्रिंग आवळलेली होती. खळगा बुजवलेला नव्हताच, म्हणून आतली कड सोडून थोडी बाहेरून, पण आपल्याच बाजूनं, वीसच्या काट्यावर आत घातली. मान वळवून वळणाच्या टोकाकडे पाहिलं. गाडी कलली आणि जिथे पाहिलं होतं तिथे गेली. खालून आवाज नाही. एक ट्रक वरून उतरत गेला, त्याच्या आणि माझ्या मधे अख्खा माणूस चालेल एवढी जागा होती.

रात्री आईला फोन करून पोचल्याचं सांगितलं. मागच्या खेपेचं मी तिला काही बोलले नव्हते, पण ह्यांच्याकडून कळलंच असावं. ती एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी तांदूळ एका पिशवीत नको. दोन पिशव्या शिवून ठेवते, सीटच्या दोन बाजूंना खाली अडकवायला. आणि नारळ तीनच देईन."